निलगिरीचं तेल बाळाला लावायचं का? तुमच्या घरची रीत सांगा

मालव्याची लेक (इंदूर), रात्री ८.५०

नमस्कार मंडळी. सुदामानगरातून लिहिते आहे. या आठवड्यात इंदुरात थंडी एकदम वाढली आणि आमच्या चौदा महिन्यांच्या बाळाचं नाक गच्च चोंदून राहिलंय. रात्री दूध पिताना श्वास अडतो, मग तोंड सोडून रडतो, परत पितो, परत सोडतो. दोन रात्री घरात कोणी झोपलेलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं, निलगिरीच्या तेलाचा एक थेंब उशीला, एक छातीला, आणि तेवढ्याने उतार पडला नाही तर बत्ताशावर अर्धा थेंब. त्यांच्या माहेरी देवासला असंच करायचे. उशीपर्यंत माझी तयारी आहे, पण बत्ताशाचं मनाला पटत नाही. "तुझा नवरा असाच वाढवला" म्हटल्यावर पुढे बोलताही येत नाही. त्यांचा नातवावर फार जीव आहे, म्हणून भांडायचं नाहीये. नीट माहिती हवी आहे.

दुसरं म्हणजे, काल सियागंजातून जडीबुटीच्या दुकानातून एक बाटली आणली आणि घराजवळच्या मेडिकलमधून एक. पहिलीचं बूच उघडलं की नुकत्याच रंगवलेल्या दारासारखा वास येतो. दुसरीचा वास सरळ कपाळात चढतो आणि मागून थंड वाटतं. खरं तेल कोणतं?

मोगरा, रात्री ९.०५

ओवा, कापूर आणि निलगिरीचे दोन थेंब, सगळं मलमलच्या फडक्यात बांधून उशीजवळ ठेव. आमच्या मुलीला आम्ही हेच केलं होतं.

आजोळ राजवाडा (इंदूर), रात्री ९.४०

बाळाला बरं वाटो आधी.

माझं वय त्र्याहत्तर, सगळं आयुष्य राजवाड्याच्या आसपास गेलं. म्हणून जुनं कसं होतं ते सांगते. आमच्या घरी निलगिरीची बाटली फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात असायची, टिंक्चर आयोडीनच्या शेजारी. गडद तपकिरी काच, वर बूच, बुचावर मेण, आणि सगळ्याला वर्तमानपत्र गुंडाळलेलं. ती काढायची तर आजोबांना सांगावं लागे. आजीसुद्धा आपणहून हात लावत नसे.

वाफारा मोठ्यांचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचा. तपेल्यात पाणी उकळलं की ते चुलीवरून उतरवून जमिनीवर, चुंबळीवर ठेवायचं. मग घोंगडी डोक्यावरून घेऊन बसायचं, आणि आजोबा घोंगडीची कड उचलून दोन थेंब टाकायचे. पहिला श्वास घेतला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. डोळे मीट, डोळे मीट, असं बाहेरून ओरडत राहायचे. पाच-सात मिनिटांनी घोंगडीतून काढून लगेच कोरड्या पंचाने तोंड पुसायचं आणि वाऱ्याला जाऊ द्यायचं नाही.

अंगावरच्या बाळाला मात्र हे तेल लावलेलं मी पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडी, तीही आधी आपल्या गालाला लावून बघायची आणि मग त्याच्या छातीला कपड्यावरून शेक. टाळूला वेखंड. बत्ताशावरचा थेंब माझ्या वडिलांनी घेतलेला आठवतो, खोकल्याची ढास लागली की. ते पन्नाशीचे होते. तेव्हा तुझ्या सासूबाईंना एवढंच विचारून बघ, बत्ताशा नेमका कोणाला देत होते आणि किती वर्षांच्या मुलाला. जुनी रीत म्हणताना वय गळून पडतं.

खल बत्ता (इंदूर), रात्री १०.१५

दवाबाजारात औषधांचं काम करतो, फार्मसी शिकलेला आहे. मालव्याची लेक, आधी सर्वांत महत्त्वाचं: पोटात एक थेंबही देऊ नका. बत्ताशावर नाही, मधात नाही, बाळगुटीत नाही. आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाजवळ, तोंडाजवळ, छातीवर हे तेल नको. इतक्या लहान मुलाला असा तीव्र वास एकदम नाकात गेला तर घशाचं स्वरयंत्र आवळून श्वासच थांबू शकतो. उशीवरचा थेंब म्हणजे रात्रभर नाकाजवळच.

आता कारण. निलगिरीच्या तेलात मुख्य द्रव्य १,८-सिनिओल, त्यालाच युकॅलिप्टॉल म्हणतात. ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, औषधी तेलासाठी ते किमान ७० टक्के हवं अशी अट आहे. म्हणजे पानांचा काढा आणि हे तेल यांत जमीन-अस्मानाचा फरक. शंभर किलो ताजी पानं भट्टीत घालून वाफेवर अर्क काढला तर साधारण एक-दोन किलो तेल हाती येतं. एवढी पानं त्या बाटलीत कोंबलेली आहेत असं समजा. पोटात गेलं की झपाट्याने रक्तात उतरतं आणि मेंदूवर परिणाम करतं: गुंगी, तोल जाणं, उलट्या, झटके. लहान मुलांत हे काही मिलिलिटरमध्येसुद्धा झालेलं आहे. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं, ते ध्यानात घ्या.

मोगराताई, कापराचंही तेच. कापूर पोटात गेल्यावर मुलांना झटके येतात हे वैद्यकात फार जुनं माहीत आहे. पुरचुंडी बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवली तर ती आधी तोंडात जाते. २०२१च्या एप्रिलमध्ये कापूर, लवंग, ओवा, निलगिरी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो असा निरोप सगळीकडे फिरत होता, आठवतंय ना? तो साफ खोटा होता. आमच्याकडे लोक कापूर-निलगिरी मागायला रांग लावून उभे होते, आणि त्यांतल्या काहींच्या घरी माणूस श्वासासाठी तडफडत होता. दवाखाना सोडून पुरचुंडीवर वेळ गेला याचं आजही वाईट वाटतं.

बाळासाठी: मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, सलाइन ड्रॉप्स म्हणून मागा. दूध पाजण्याआधी थेंब घाला, थोडं थांबा, मग नाक हलकेच साफ करा. दूध थोडं थोडं, जास्त वेळा. छाती आत ओढली जात असेल, श्वास भरभर चालत असेल किंवा दूध अगदीच घेत नसेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

मालव्याची लेक, रात्री १०.३२

खूप आभार. छाती ओढली जात नाहीये, फक्त नाक. हे आत्ता जाऊन सलाइनचे थेंब आणतात. सासूबाईंना अजून काही बोलले नाही.

आमचं ठीक चाललंय, रात्री १०.५०

माफ करा, पण आमच्या घरी तीन पिढ्या निलगिरीचा थेंब मधातून देत आल्या आहेत, कोणाला काही झालं नाही. प्रत्येक घरगुती गोष्टीला विष ठरवायचं हे बरोबर नाही.

बडोदेकर आई (बडोदे), रात्री ११.२०

वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. हे मी कुठे लिहिलेलं नाही.

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर. माझी धाकटी तेव्हा अडीच वर्षांची. माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून निलगिरीची छोटी बाटली त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर असायची. तिच्याच शेजारी ओव्याच्या अर्काची बाटली. दोन्हींची झाकणं पांढरी, दोन्ही जवळजवळ सारख्याच. संध्याकाळी दिवा लावून मी देवघरातून बाहेर आले तर ही स्टुलापाशी बसलेली, फ्रॉकचा पुढचा भाग ओला, आणि सगळ्या खोलीत तो वास. किती प्यायली होती देव जाणे. बाटली आधीच अर्धी होती.

पहिली दहा मिनिटं ती फक्त खोकत होती आणि जीभ बाहेर काढत होती. मला वाटलं, चव लागली, थुंकली, झालं. सासूबाई म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजून ओकायला लाव. माझे दीर नको म्हणाले, म्हणून राहिलं. ते नको म्हणाले हे माझ्या लेकीचं नशीब. रिक्षात बसेपर्यंत तिची मान टाकली गेली. मी हाका मारतेय आणि ती डोळे उघडतेय, मिटतेय. मांडवीच्या गर्दीत रिक्षा अडकली असताना तिचा डावा हात झटके द्यायला लागला. तो हात मी माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता, आणि तो माझ्या हातांतही हलत होता.

दोन रात्री दवाखान्यात. तिच्या श्वासाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निलगिरीचा वास होता. आज ती अकरावीत आहे, धडधाकट आहे. सासरे त्यानंतर जगले तोवर गुडघ्यांना त्यांनी कधी ते तेल लावू दिलं नाही. त्यांना मी एक शब्दही बोलले नव्हते.

"आमच्याकडे काही झालं नाही" असं मीही त्या संध्याकाळपर्यंत म्हणत होते.

खल बत्ता, रात्री ११.४१

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

ओकारीबद्दल सांगतो, कारण घराघरात हीच चूक होते. निलगिरी, कापराचं तेल, टर्पेंटाइन, रॉकेल, यांतलं काहीही पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. वर येताना ते फुप्फुसात शिरतं आणि तिथे न्यूमोनिया करतं. आपण होऊन उलटी झाली तर मुलाला कुशीवर वळवा. बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना. मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्हीकडे १०८ला फोन करता येतो. लक्षणं बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुरू होतात, पण काही तासांनीही येऊ शकतात. म्हणून मूल हसतंय-खेळतंय असं दिसलं तरी जायचंच.

"आमचं ठीक चाललंय", तुमच्या घरच्या मोठ्या माणसांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. मधातला एक थेंब मोठ्या माणसाला पचतोही. पण ड्रॉपर दाबताना एकाचे पाच होतात, रात्री दोन वाजता झोपेत तर होतातच. जर्मनीत शुद्ध सिनिओलच्या कॅप्सूल सायनस आणि ब्राँकायटिससाठी देतात, म्हणजे द्रव्यात गुण आहे हे मान्य. त्यात मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते. आपल्या ड्रॉपरला ते जमत नाही.

लष्कर ग्वाल्हेर, सकाळी ६.५५

ग्वाल्हेरहून नमस्कार. इकडे सकाळी धुकं इतकं की दौलतगंजातून महाराजबाडा दिसत नाही. निलगिरीशिवाय आमचा पौष-माघ निघत नाही, तेव्हा मोठ्यांच्या वापराबद्दल मी लिहितो.

आईच्या गुडघ्यांना मी रोज रात्री लावतो. चहाचा एक चमचा तिळाचं तेल वाटीत घ्यायचं, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, बाहेर काढून त्यात निलगिरीचे दोन-तीन थेंब. चमच्यात साधारण शंभर थेंब धरले तर हे दोन-तीन टक्के झालं. नुसतं कोरडं निलगिरी चोळायचं नाही. एका वर्षी आमच्या आत्याने चोळलं आणि वर लोकरीची पट्टी बांधली. सकाळी पट्टी सोडली तर कातडी लाल, बारीक फोड, आणि पट्टीच्या विणीची नक्षी मांडीवर उठलेली. चोळून झाल्यावर हात साबणाने दोनदा धुवायचे. एकदा मी तसाच डोळा चोळला होता, पुढचा अर्धा तास विसरणार नाही.

गरम तव्यावर किंवा दिव्याजवळ तेल ओतत जाऊ नका. पन्नास अंशांच्या आसपासच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. लोक शेगडीवरच्या पातेल्यात थेंब टाकतात, ते चूक. राजवाड्याच्या मावशींनी सांगितलं तेच बरोबर, खाली उतरवूनच.

अजून एक. माझ्या बहिणीला फिटचा त्रास आहे. गोळ्या नेमाने चालू असूनही एका हिवाळ्यात लागोपाठ दोनदा फिट आली. डॉक्टरांनी विचारलं, घरी कुठला बाम लावता? कापूर-निलगिरीचा बाम ती रोज कपाळाला थापत होती. बंद केला. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापूर यांमुळे येणाऱ्या झटक्यांवर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत, अंगाला लावून आणि हुंगूनसुद्धा आलेले. घरात फिटचा रुग्ण असेल तर एवढं नक्की पाळा.

मोगरा, सकाळी ८.१०

रात्री सगळं वाचलं. माझी मुलगी सहा वर्षांची झाली आहे, सुखरूप आहे. पण ती पुरचुंडी मी तिच्या पाळण्याच्या दोरीला बांधत होते हे आठवून पोटात गोळा आला. वरचा सल्ला मी मागे घेते, कृपया कोणी करू नका.

पानाआड (इंदूर), सकाळी ९.३०

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून झाडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वाफाऱ्यासाठी रस्त्यावरच्या झाडाची पानं आणावीत का, हे दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतंच.

आपल्याकडे माळव्यात शेताच्या बांधावर, कालव्याकाठी जो "लिप्टिस" दिसतो, ग्वाल्हेरकडे ज्याला सफेदा म्हणतात, तो बहुतेक मैसूर गम, निलगिरीचीच एक जात. औषधी तेल ज्यापासून काढतात तो ब्लू गम, युकॅलिप्टस ग्लोब्युलस, तो थंड डोंगराळ हवेचा. मूळचा टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियाचा. आपल्या देशात निलगिरीची झाडं पहिल्यांदा टिपू सुलतानाने १७९०च्या सुमारास बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांवर लावली असं मानतात. मग १८४३मध्ये ब्लू गम निलगिरी पर्वतात आणला. डोंगरावर सरपणाची टंचाई होती, तिथलं मूळचं जंगल तोडून संपत होतं. डोंगराचं नाव झाडाला चिकटलं ते तिथूनच. उटीकडे गळून पडलेली पानं गोळा करून छोट्या भट्ट्यांवर तेल काढणारी कुटुंबं आहेत. उटीला गेलेल्या प्रत्येकाच्या पिशवीतून जी बाटली घरी येते ती तिथली.

ऑस्ट्रेलियात तिथले मूळ रहिवासी जखमेला आणि तापाला ही पानं वापरत आलेच होते. तेलाचा व्यापार १८५०च्या दशकात व्हिक्टोरियात जोसेफ बोसिस्टो या औषधविक्याने सुरू केला, फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून. म्हणजे आपण ज्याला आजीचं औषध म्हणतो ते आपल्या घरांत येऊन फार तर पाच-सहा पिढ्या झाल्या. ओवा, सुंठ, वेखंड यांच्यामागे जितक्या पिढ्यांचं हाताळणं आहे तितकं याच्यामागे नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

कधी संधी मिळाली तर ब्लू गमचं पान हातात घेऊन बघा. कोवळ्या फांदीवर पानं गोलसर, निळसर राखाडी, वर पिठासारखा थर, देठ जवळपास नाहीच, फांदीला मिठी मारून समोरासमोर बसलेली. तेच झाड मोठं झालं की पानं कोयत्यासारखी लांब, लोंबती, कड खाली करून टांगलेली. पान उन्हासमोर धरलं की बारीक बारीक उजळ ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या.

मैसूर गमच्या पानांत तेल कमी. ती धुऊन पाण्यात उकळली तर मोठ्यांच्या वाफाऱ्याला चालतील, वास मंद येईल. लिंबासारखा वास आला तर ते सिट्रिओडोरा, निलगिरीची आणखी एक जात, त्यात सिट्रोनेलल असतं. डासांसाठी ते बरं, छातीसाठी नाही.

मालव्याची लेक, सकाळी १०.०५

वाचताना रंगून गेले. बाळ रात्री चार तास सलग झोपला. थेंब घातले तेव्हा खूप ओरडला, पण नंतर दूध पूर्ण प्यायला.

खल बत्ता दादा, त्या रंगाच्या वासाच्या बाटलीचं काय करू? कागदावर थेंब टाकून पाहिला. दोन्हींचा डाग पंख्याखाली उडून गेला. म्हणजे दोन्ही खरी?

खल बत्ता, दुपारी १.२०

कागदावरून एवढंच कळतं की त्यात खोबरेल किंवा दुसरं जड तेल मिसळलेलं नाही. टर्पेंटाइन स्वतःच उडून जातं, त्यामुळे ते कागदावर सापडत नाही. वासावरून तुमच्या बाटलीत तेच असावं. आमच्याकडे तपासायची एक जुनी पद्धत आहे: निलगिरीचं चांगलं तेल पाचपट ७० टक्के अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळतं. टर्पेंटाइनची भेसळ असेल तर द्रव गढूळ होतो. घरी करत बसू नका, ती बाटली अंगाला लावायला वापरू नका, एवढं पुरे. घेताना लेबलवर फार्माकोपियाचा उल्लेख, बॅच नंबर आणि तारीख बघा. सुटं तेल घेऊ नका.

ठेवायचं काचेच्या गडद बाटलीत. ड्रॉपर लावून ठेवू नका. त्याचा रबराचा फुगा तेलाच्या वाफेने फुगतो, चिकट होतो, आणि एक दिवस दाबताना बोटाला काळा लगदा लागतो. वाफेच्या प्लॅस्टिक मशीनच्या पाण्यातही तेल टाकू नका, प्लॅस्टिक तडकतं.

आणि हो, वाफाऱ्याने मोठ्यांना "नाक मोकळं झालं" वाटतं ते बरंचसं थंडाव्याची जाणीव चाळवल्याने. आतली सूज तेवढीच असते. पण त्या जाणिवेने झोप लागत असेल तर तीही मोलाची.

आजोळ राजवाडा, दुपारी ३.४५

लेकी, ती रंगाच्या वासाची बाटली फेकू नकोस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटतेस ना? त्यांच्यावरचे किमतीचे कागद नखांनी निघत नाहीत, काळा चिकट थर राहतो. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन फिरव, लगेच सुटतो. मग साबणाने धुवायचं. बाटली वरच ठेवायची, हे सांगायला नको.

मालव्याची लेक, रात्री ९.१५

आज दुपारी बडोदेकर आईंचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. रिक्षातलं वाचताना माझाच आवाज गेला, पुढचं त्यांनी फोन हातात घेऊन स्वतः वाचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, बत्ताशा देवासला आजोबांना देत होते, मुलांना दिलेला त्यांना नीट आठवत नाही. ह्यांना दिला होता का, तेही आता खात्रीने सांगता येत नाही.

संध्याकाळी त्यांनी मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि लाल नेलपॉलिशने मोठ्या अक्षरांत लिहिलं: पोटात नाही. बाळाला नाही. वाळेपर्यंत हातात धरून बसल्या होत्या. आता ती धान्याच्या कोठीवर, पितळेच्या डब्यामागे आहे. तिथे मला स्टूल घेऊनच पोचता येतं.

बाळ आत्ता त्यांच्याच मांडीवर आहे. तव्यावर ओवा गरम होतोय, त्या पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघतायत.